देवामार्फत

माझी आई आणि माझी बायको यांच्यात कधीच भांडण होत नाही, असं मी ऑफिसात मोठ्या तोऱ्यात सांगायचो. ते खरंही होतं. त्या दोघी भांडत नव्हत्या, प्रार्थना करत होत्या.

वडील गेल्यावर आई नगरचं घर बंद करून आमच्याकडे दिल्लीत द्वारकेला राहायला आली आणि येताना कौटुंबिक प्रार्थनेची शिस्तही घेऊन आली. जेवणाआधी तिघांनी बसायचं, एक गीत म्हणायचं, आईनं एखाद्या जुन्या भक्तिपर पुस्तकातलं पान वाचायचं आणि मग एकेकानं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची. ख्रिस्ती घरांत यात नवल काही नाही. पण आमच्याकडे हळूहळू असं झालं, की दिवसभर जे एकमेकींच्या तोंडावर बोलायचं नाही, ते सगळं संध्याकाळी देवाच्या कानावर घातलं जाऊ लागलं.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या," आई सुरू करायची, "ज्यांच्या घरी दुपारपर्यंत अंथरुणं पसरलेली असतात, त्यांना तू टापटिपीची आवड दे."

"प्रभू," पुढची पाळी बायकोची, "जे लोक दिवसभर ऑफिस करून मेट्रोत उभे राहून घरी येतात, त्यांची थकान घरच्यांना पण दिसू दे, प्लीज."

बायको दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झालेली. तिच्या मराठीत हिंदी मुक्कामालाच असते, पण टोमणा मात्र अस्सल मराठी. विमानतळ जवळच, त्यामुळे मध्येच एखादं विमान गच्चीला घासून गेल्यासारखं जायचं. तेव्हा जिची पाळी असेल ती थांबायची आणि आवाज ओसरला की नेमकी त्याच मुद्द्यावरून पुढे चालू व्हायची. मी शेवटी जागतिक शांततेसाठी दोन वाक्यं बोलून मोकळा व्हायचो. मला भूक लागलेली असायची.

हे सगळं मला गमतीचंच वाटत होतं. मग एक दिवस आईनं जाहीर केलं, की ईस्टर झाला की ती नगरला परत जाणार, कायमची. "इथं करमत नाही," एवढंच कारण. गुडघे बिघडलेले, तिकडे घरात दुसरं माणूस नाही. मी समजावलं, चिडलो, पुन्हा समजावलं. ती हटेना. शेवटी तिकीट काढून दिलं आणि ते काढताना मला चक्क रडू आलं. आई माझ्या घरात राहू शकली नाही, ही गोष्ट मला काही केल्या गिळवत नव्हती.

तेवढ्यात ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. या दिवसांत आमच्याकडे प्रत्येकानं काहीतरी सोडायचं असतं. आई दरवर्षी चहा सोडते आणि त्याची शिक्षा सगळं घर भोगतं.

आईच्या त्या पुस्तकांच्या शिवणी सुटलेल्या आहेत, तिनंच दोऱ्यानं टाचून ठेवल्यात. लिहिणारे कुठले कुठले मठवासी आणि पाळक, पार जुन्या काळचे. या माणसांना आमच्या दगदगीचं काय कळणार, असं मला वाटायचं. पण ती मंडळी भलतीच व्यवहारी निघाली. मोठमोठे संकल्प करू नका, एकच लहानशी सवय धरा, असा त्यांचा एकूण सूर. मनात भाव नसला तरी जिभेला आणि हातांना कामाला लावा, मन येईल मागून. चुकलात तर ऊर बडवत बसू नका, उठा आणि पुन्हा लागा.

उपवासकाळ लागला त्या संध्याकाळचं पान प्रार्थनेबद्दल होतं. जो शेजाऱ्याच्या तक्रारी घेऊन देवाकडे जातो त्यानं देवाला हवालदार करून ठेवलंय, त्यानं आधी त्या शेजाऱ्याबद्दल आभार मानायला शिकावं, असा काहीसा मजकूर. आई वाचता वाचता अडखळली. चष्मा पुसला. "पुढचं पान जास्त चांगलं आहे," म्हणत पान उलटू लागली.

"नाही आई, हेच पूर्ण वाचा ना," बायको म्हणाली. "चलो, या वेळी आपण मागणंच सोडू या. ईस्टरपर्यंत फक्त धन्यवाद. ते पण एकमेकींसाठी."

माघार घेणं आईच्या स्वभावात नाही. "चालेल की. मला काय अवघड आहे त्यात?"

अवघड होतं. पहिल्याच संध्याकाळी आई "हे दयाळू स्वर्गीय पित्या" म्हणून इतका वेळ गप्प राहिली, की मी एक डोळा उघडून पाहिलं. "हिनं आज कुंडीतली झाडं पाण्यावाचून मारली नाहीत, याबद्दल तुझे उपकार मानते." बायकोनं लगेच, तिच्या फोनच्या वेळी आई मध्ये बोलल्या नाहीत, याबद्दल धन्यवाद दिले. आभारांनाही धार लावता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

पण रोज नवं काहीतरी शोधायला लागायचं, आणि शोधायचं तर दिवसभर एकमेकींकडे बघायला लागायचं. आईला हिचे सुजलेले पाय दिसायला लागले. आणि एका संध्याकाळी बायको म्हणाली, "प्रभू, सकाळी माझी रिक्षा वळेपर्यंत आई बाल्कनीत उभ्या असतात. माझी मम्मी पण अशीच उभी राहायची. थँक यू." त्या दिवशी आईनं आपली पाळी मला देऊन टाकली. माझेही डोळे मिटलेले होते, ते बरंच झालं.

ईस्टर झाला, तिकीट मात्र तसंच होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी, बॅगा भरून झाल्यावर, आई प्रार्थनेला बसली. "दयाळू पित्या, हिच्या संसारात माझी अडचण होते असं मला वाटत आलं. पण हिनं मला तसं कधी वागवलं नाही, याबद्दल..."

"आई, मग जाता कशाला?" बायकोनं डोळे उघडले होते.

"प्रार्थना चालू आहे."

"असू दे. मला देवाला नाही, तुम्हालाच विचारायचंय. नका ना जाऊ."

आईनं प्रार्थना पुरी केली, आमेन म्हटलं, पदरानं डोळे पुसले आणि भात निवतोय म्हणून उठली. ना हो म्हणाली, ना नाही. 

गाडी दुपारची होती. सकाळी मी दाढी करत असताना स्वयंपाकघरातून आवाज चढले.

"डाळीच्या डब्यात साबुदाणा? ही काय पद्धत झाली?"

"आई, माझं किचन आहे, मी ठेवीन तिथे राहील!"

"तुझं किचन? मग मी कोण, पाहुणी?"

"पाहुण्या असता तर गप्प ऐकून घेतलं असतं, बिल्कुल!"

 मग डबे आपटल्याचा आवाज आला आणि दोघी पुन्हा जोरात सुरू झाल्या, तोंडावर, देवाला अजिबात मध्ये न घेता. मी तोंडाला फेस तसाच ठेवून फोन उचलला आणि आईचं तिकीट रद्द करून टाकलं.