क्षमेची ओळ

पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा वास आला की मला आमच्या शेजाऱ्याच्या दारापुढचा बोळ आठवतो. परदेशीपुऱ्याच्या वस्तीत आमच्या घरून रस्त्यावर यायला तीच एक नीट वाट होती. आई गेली त्या दिवशी शेजाऱ्याने बोळाचं फाटक लावलं आणि बाबांना म्हणाला, "भिया, शादी का घर है, पेटी इधर से नहीं जाएगी." मग आईची शवपेटी मागच्या नाल्याकडून, तिरकी करून न्यावी लागली. आत ती एका बाजूला सरकली, तो आवाज मी ऐकला. पुढे पावसाळ्यात तोच शेजारी त्याच बोळात घसरून पडला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे केले, वर जिरावण भुरभुरलं आणि डबा माझ्या हातात दिला. "जा बेटा, दवाखान्यात त्याला देऊन ये." मी म्हटलं, "आई तिरकी गेली, विसरलात?" बाबा म्हणाले, "विसरलो असतो तर पोहे कशाला केले असते?" मी गेले आणि डबा त्याच्या उशाशी आदळला. तो रडला. मला ते रडणं पुरलं नाही. आता बाबाही नाहीत. दर रविवारी चर्चमध्ये मी प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणते, पण आपण इतरांना क्षमा केल्याची ओळ आली की तोंड मिटून घेते. देवासमोर खोटं बोलायचं नाही, हे बाबांनीच शिकवलंय.