काडेपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर

तारापूरला वीज केंद्र उभं राहत होतं, तेव्हा तो तिथे वायरमन होता. बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीवर रोज एकटाच चहा घेई. पूर्वी विमानांच्या वायरिंगची कामं करायचा. एकदा त्याने मला विमानातला काडेपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर दाखवला.

"एवढा लहान?"

"घरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, विमानातली चारशे. हेलकावे वाढले की लोखंड कमी लागतं. विमानाला वजन नको असतं."

"इथे चालेल?"

"जळेल," म्हणत त्याने तो फडक्यात गुंडाळला.

रविवारी मी त्याला घरी जेवायला बोलावलं. आला, पण आतला मुलांचा दंगा ऐकून ओट्यावरच थबकला. "घरात बसायची सवय गेली हो," म्हणाला आणि परत फिरला.

सोमवारी मी टपरीवर गेलो. त्याने बाकावर सरकून मला जागा दिली.