नाखवांनी माझ्या टायरमध्ये काय घातलं

चार वर्षं मी कॉपी करून पास होत होते. मला आज सकाळी कळलं.

मी म्हणजे डोंबिवलीत दहावीच्या मुलांना गणित शिकवणारी, चिठ्ठी दिसली की पेपर ओढून घेणारी बाई.

आज नाखवांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा सात जणांचा क्रॉलरवाल्यांचा ग्रुप आहे. रिमोटवर चालणारी हातभर लांबीची जीप. ही पळत नाही, दगडांवरून मुंगीच्या पावलांनी चढते. रविवारी सकाळी आम्ही मोहन्याला नदीकाठच्या खडकांवर जमतो. हसा खुशाल.

नाखवा आमच्यात सगळ्यात मोठे. ठाण्याच्या कोळीवाड्यातले. होडी विकून वीस वर्षं झाली होती, पुढे वायरमनचं काम केलं, तरी सगळे त्यांना नाखवाच म्हणायचे.

त्यांना एकच वेड होतं, टायर.

कंपनीचा टायर जसाच्या तसा वापरणं त्यांना सहनच व्हायचं नाही. रबरावर ब्लेडने बारीक चिरा पाड, एक सोडून एक उंचवटा काप, कडा घास, असं सतत काहीतरी चालू. मला म्हणायचे, "बाई, कंपनीचा टायर म्हंजे नवी चप्पल. ओल्या लादीवर आपटनारच तुमी."

मी ऐकायचे नाही. माझी गाडी बॉक्समधून निघाली तशीच चालणार, फुल स्टॉक. चढायचं तर हाताच्या स्किलवर, टायर कापून नाही. हे भाषण मी दर रविवारी द्यायचे. ते मान हलवत ऐकून घ्यायचे.

तिथे एक काळा खडक आहे, बसलेल्या म्हशीसारखा. आम्ही त्याला म्हैसच म्हणतो. कोणाचीच गाडी तिच्या पाठीवर पोचायची नाही. निम्म्यावर नाक वर व्हायचं आणि गाडी उताणी.

चार वर्षांपूर्वी माझ्या एका चाकाचा टायर रिमवरून सुटला. नाखवा चारही चाकं घरी घेऊन गेले. सगळीच नीट चिकटवून आणतो म्हणाले.

पुढच्या रविवारी मी म्हैस चढले.

ग्रुपमधली एकटी बाई, स्टॉक टायर, आणि सगळ्यांच्या आधी म्हशीच्या पाठीवर. मला ग्रुपकडून बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, नाव घातलेला. त्यानंतर वर्षभरात एकेक करून सगळे चढले. आम्हाला वाटलं, आपला हात बसला.

नाखवा तेवढे कधीच चढले नाहीत. एवढी कापाकापी करून दर वेळी निम्म्यावर उताणे. मी त्यांना किती चिडवलंय ते आठवलं की आज लाज वाटते. "नाखवा, अजून दोन चिरा मारा," म्हणायचे मी.

तर आज ठरवलं, वर्षश्राद्धाला त्या माणसाचं एकदा ऐकायचं. टायर कापायचा.

आधी तो रिमवरून काढावा लागतो. त्यासाठी चाक पाण्यात उकळायचं, मग डिंक सुटतो. एका शेगडीवर चहा, दुसरीवर चाकं. नवऱ्याने फक्त चहाचं पातेलं लांब सरकवलं.

टायर सोलला.

या टायरांत हवेऐवजी फोम असतो. तो आधीच कापलेला होता. कडेने त्रिकोण काढून मऊ केलेला, म्हणजे टायर दगडाला घट्ट बिलगतो. कापलेला भाग नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेला. पुढच्या दोन चाकांत रिमभोवती शिशाच्या गोळ्या ओवलेल्या, जाळं बुडावं म्हणून खाली लावतात ना, त्या. चढताना नाक वर होऊ नये म्हणून.

आणि प्रत्येक गोळीला जाळ्याची गाठ. माझ्या बॅगेचा तुटलेला पट्टा नाखवांनी अशाच गाठीने बांधून दिला होता. तो अजून सुटलेला नाही.

आधी मला भयंकर राग आला. मला विचारलंसुद्धा नाही! माझी कीव आली होती का यांना?

तशीच ठाण्याला त्यांच्या घरी गेले. काकी, म्हणजे त्यांची बायको, पानं वाढत होत्या. फोटोला हार घातलेला, आणि मी हातात चाक घेऊन दारात. हे तुमच्या माणसाने केलं का, असं विचारलं.

काकी हसल्या. "आवं बाई, तुमचाच कशाला? सगल्यांचं टायर इथंच उकललं. माझ्या इडलीच्या भांड्यात."

सगळ्यांचे. कोणाचं चाक चिकटवायला आणलं, कोणाचं ग्रीस करायला.

मग त्यांची गाडी बघायला मागितली. टायर बाहेरून ब्लेडने चिरून चिरून चाळणी झालेले. एकाची कड सुटलेली होती, तिथून बोट घालून पाहिलं. आत कंपनीचा कडक फोम, जसाच्या तसा. शिसं नाही.

काकींना म्हटलं, स्वतःच्या गाडीत का नाही घातलं?

"शिसं संपलं म्हनायचा."

समोर खुंटीला अख्खं जाळं टांगलेलं होतं. खालच्या कडेला शिसंच शिसं.

आता मला सांगा, याचं काय करायचं? सगळ्यांनीच कॉपी केली म्हणजे सगळे पुन्हा सारखेच, म्हणजे माझा डबा माझाच. हे गणित बरोबर आहे. पण वर्गात एकच जण कॉपी न करता बसला होता, आणि नापास तेवढा तोच झाला. आणि आम्ही त्यालाच हसायचो.

हसावं की रडावं कळत नव्हतं, म्हणून काकींकडे पोटभर जेवले.

ग्रुपवाल्यांनो, आपापले टायर उघडायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. रविवारी मी डबा घेऊन येतेय. त्यावर कोणाचं नाव घालायचं ते सगळे मिळून सांगा, मला हे गणित सुटत नाहीये.

टायर मात्र मी होता तसाच परत चिकटवलाय. एकही गाठ सोडली नाही.

नाखवा, एकदा सांगायचं तरी होतं.

तुम्हाला तुमच्या बाईची भावपूर्ण, आणि थोडी रागावलेली, श्रद्धांजली.