तेच परत वाजवून दाखव

प्रज्ञा तायडे सुरतेच्या उधन्यात टीव्ही जुळवणाऱ्या एका लहान कारखान्यात कामाला होती. वडील अकोल्याकडून रेल्वेच्या कामावर आले आणि इथंच राहिले. ते गेल्यावर घरात आई, थोरला भाऊ प्रफुल्ल आणि ती. प्रफुल्ल तिचा सगळ्यात जवळचा माणूस. तिला आयटीआयला घालायला आई नको म्हणत होती, तेव्हा तोच आईशी भांडला. पहिलं सोल्डरिंग आयर्नही त्यानंच आणून दिलं.

पंच्याण्णवच्या सुमारास तिनं जुन्या मासिकांतले सर्किटचे नकाशे बघून विजेवर वाजणारा सिंथेसायझर बनवायला घेतला. दुकानात मिळतो तसा पट्ट्यांचा नाही, सुट्या डब्यांचा. एक डबी सूर काढणारी, एक तो मऊ करणारी, एक आवाज लहानमोठा करणारी. कुठली वायर कुठं घालायची ते आपण ठरवायचं. व्होल्टेज वाढलं की सूर चढायचा, घटलं की उतरायचा.

सगळ्यात शेवटी केलेली डबी तिची लाडकी. तिच्यात एक ट्रान्झिस्टर उलटा जोडला होता; तो नुसता खरखरायचा. डबी प्रत्येक ठोक्याला त्या खरखरीतून एक व्होल्टेज उचलायची आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवायची. कोणतं उचलेल ते खुद्द प्रज्ञालाही सांगता यायचं नाही. पहिल्यांदा तिनं ती थेट सुराला जोडली, तेव्हा आई म्हणाली, "काय वं हे? कोंबड्याईले दाणे टाकल्यावानी वाजून रायलं."

मग प्रज्ञा त्या डबीला लगाम घालायला शिकली. सूर किती वर जाऊ द्यायचा, किती खाली, व्होल्टेज झटक्यात बदलू द्यायचं की हळूहळू.

तेवढ्यात मराठी नाट्यमंडळाच्या भाऊरावांनी तापीच्या पुरावरचं नाटक बसवायला घेतलं. गळक्या घरात अडकलेलं कुटुंब; पाण्याचा आवाज हवा होता. प्रज्ञानं थेंबाचा सूर आणि दोन थेंबांमधलं अंतर, दोन्ही त्या डबीवर सोपवलं. खरं पाणी कधी तालात ठिबकत नाही, तसेच थेंब पडू लागले. एक जाड, एक बारीक, मध्येच ऐकणाऱ्याचा श्वास अडकेल इतकी शांतता. प्रफुल्ल टेपरेकॉर्डरचं बटण दाबायला शेजारी बसायचा. प्रत्येक वेळी नवंच काही यायचं आणि तो हसून म्हणायचा, "हे काई परत भेटत नाही वं." त्यातलं एक दोघांनी निवडलं आणि प्रफुल्लनं ती कॅसेट भाऊरावांकडे नेऊन दिली.

नाट्यस्पर्धेत पार्श्वसंगीताचं बक्षीस त्या कॅसेटला मिळालं. नाव पुकारलं गेलं ते प्रफुल्ल तायडेचं. तो उठला, मंचावर गेला, हार घालून घेतला.

घरी येताना तिनं विचारलं, "दादा, माह्यं नाव काऊन नाही?"

"कळवाचं राहून गेलं वं. पुढच्या टायमाले."

तिचा विश्वास बसला. महिन्याभरानं भाऊरावांकडूनच तिला कळलं, की ती टेप ऐकून एका कॅसेट कंपनीनं प्रफुल्लला संगीतकार म्हणून घेतलंय. तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं. भाऊराव सरळ माणूस. त्यांनी दोघांना तालमीच्या खोलीवर बोलावलं.

"तिनं केलं असेल तर तेच परत वाजवून दाखवू द्या," प्रफुल्ल म्हणाला.

प्रज्ञानं त्याच्याकडे बघितलं. ते परत वाजणार नाही हे या जगात दोघांनाच ठाऊक होतं. तरी तिनं डब्या मांडल्या, वायरी जोडल्या. थेंब पडले, चांगले पडले, पण दुसरेच.

"हे ते नाही, बेटा," भाऊराव हळूच म्हणाले.

तिनं समजावलं, की थेंब कुठवर पडू द्यायचे ते आपण ठरवतो, नेमका थेंब डबी टाकते.

"बघा, तीच म्हणते डबी टाकते," प्रफुल्ल म्हणाला. "मग हिचं काय त्यात? कोणता तुकडा ठेवायचा ते मी सांगितलं होतं."

निवड दोघांनी मिळून केली होती. ती ते सांगायला लागली. भाऊरावांनी हात वर केले. "घरातलं आहे, घरात मिटवा."

घरी आई म्हणाली, "त्याले काम लागून रायलं, तू काऊन आडवी येतं? तू तं उद्या सासरी जाशीन."

काही दिवसांनी ती कारखान्यातून आली तर टेबल रिकामं. आईनंच डब्या पोत्यात घालून कंपनीच्या स्टुडिओत प्रफुल्लकडे पाठवल्या होत्या. त्या दिवशी प्रज्ञा जेवली नाही आणि कुणी तिला उठवायलाही आलं नाही.

प्रफुल्लला त्या डब्या वाजवता आल्या नाहीत. एका रविवारी तो दारात उभा राहिला. "ते पाण्याची जोडणी कशी होती, सांग ना."

"आठवत नाही," ती म्हणाली. तिला एकूण एक वायर आठवत होती.

त्यानं मग बाजारातला कीबोर्ड घेतला आणि कंपनीत त्याचं बरं चाललं. प्रज्ञानं वर्षभर खपून नव्या डब्या केल्या. भाऊरावांनी तेच नाटक पुन्हा उभं करताना तिला बोलावलं, तेव्हा तिनं एकच अट घातली: कॅसेट नाही. ती विंगेत बसून वाजवणार, प्रत्येक प्रयोगाला निराळं. पत्रकावर नाव तिनं स्वतः छापून घेतलं.

एका प्रयोगाला प्रफुल्ल आला. मध्यंतरात विंगेत येऊन म्हणाला, "लय भारी पडून रायले थेंब." आणि सवयीनं तिच्या शेजारी टेकायला लागला.

"दादा, इथं नको," ती वायरींवरून नजर न काढता म्हणाली. "खुर्च्या खाली प्रेक्षकांत आहेत."