शेठनं ठेवलेलं नाक

खोडाळ्याच्या रस्त्याला लागून शेठचं खतं-बियाण्यांचं गोदाम आहे. त्याच्या मागच्या अंगाला मोगरा ठेवायची थंड खोली. ती गार करणारं यंत्र अमोनियावर चालतं, आणि हा वायू असा जहरी की थोडा सुटला तरी डोळे झोंबतात, जास्त सुटला तर माणूस दारापर्यंत पोचत नाही. गळती झाली की ओरडणारा सेन्सर बाजारात मिळतो. शेठनं तो घेतला नाही. त्यानं जिवाला कामावर घेतलं.

जिवाच्या नाकाचा पाड्यावर बोलबाला होता. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते तो टेकाडावरून सांगायचा. हे कळल्यावर शेठची कळी खुलली. रोज सकाळी जिवानं एकट्यानं आत जायचं, नळ्यांचे सांधे हुंगायचे आणि बाहेर येऊन मान हलवायची. मग फुलं निवडणाऱ्या बायका आत शिरणार. त्यांत जिवाची बायको गौराही होती. मास्क? होता की! ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, आल्यागेल्याला दाखवायला. मास्क लावल्यावर तू हुंगणार कसा, असं शेठच वर विचारायचा.

यंत्रातलं तेल काढताना वायू फस्सकन अंगावर यायचा. जिवा तोंडाला ओला टॉवेल बांधायचा, डोळ्यांवर पाणी मारायचा, की पुन्हा कामाला. नाकातून रक्त आलं तर म्हणायचा, ऊन लागलं. अशी कितीतरी वर्षं गेली.

एका संध्याकाळी चुलीवर भात करपून पार कोळसा झाला आणि जिवा शेजारीच दोरी वळत बसला होता. गौरा पाण्याचा हंडा घेऊन आली ती ओरडतच.

"नाक कुठं ठेवून आलास रे?"

जिवानं करपलेला भात नाकाशी धरला. मग गौराच्या केसांतला मोगरा. कशाचाच वास येईना. गौराचा राग विरला.

"उद्या मान कशी हलवू?" तो म्हणाला.

"शेठला सांग."

त्यानं सांगितलं. शेठ म्हणाला, "मग बरंच झालं, तुला त्रास नाही व्हायचा. तू आपली मान हलवत जा. सेन्सरचं बघू पुढच्या हंगामाला." असल्या माणसाच्या एक ठेवून द्यावी! पण जिवाचं पोट त्याच्याच दारात होतं.

दुसऱ्या दिवशी तो आत जाऊन आला. बायका दाराशी थांबलेल्या, सगळ्यांत पुढं गौरा. त्याची मान काही हलेना.

"मला वास येत नाय," तो म्हणाला. "कधीपासून येत नाय, ते पण ठाव नाय. आत गॅस असंल, नसंल. जाऊ नका."

बायका शेठला काही बोलल्या नाहीत. त्या जिवावरच उलटल्या. त्यांतली नवशी म्हणाली, "म्हंजे इतके दिस आमाला मरायला धाडत होतास? आन आता आजची मजुरी कोण देल?" दोन्ही खरंच होतं. जिवाला जीव नकोसा झाला.

शेठनं त्याला तिथल्या तिथं हाकललं आणि दुपारच्या आत दुसरा माणूस उभा केला. कोण, तर गौराचा सख्खा भाऊ माघ्या. माघ्या आत जाऊन आला, त्यानं मान हलवली, बायका आत गेल्या. गौराही गेली. दोघांपैकी एकानं तरी कमवायला हवंच होतं.

पावसाच्या तोंडाशी एकदा गौरा कामावरून आली ती उंबऱ्यावरच बसून राहिली.

"माघ्याला वास येतोय ना नीट?" जिवानं विचारलं. रोजच विचारायचा.

"येतोय म्हणतो." गौरानं केसांतला मोगरा काढून बाजूला ठेवला. "आज त्याच्या नाकातनं रक्त आलं. म्हणाला, ताई, ऊन लागलं."