शेवटच्या गाडीसाठी

इथे कतारमध्ये, दोह्यात, आम्हा मराठी लोकांतलं कोणी सुट्टीला पुण्याला निघालं, की त्याच्या बॅगेत शेजारपाजारचं सामान जातंच. यंदा मी निघाले नॉर्वेला, बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांची लांब पल्ल्याची शर्यत बघायला. ते कळल्यावर शेजारच्या वहिनींनी आणलेलं खजुराचं पार्सल परत नेलं. "तिकडे पुण्यात तुमच्या सासूबाई वाट बघत असतील आणि तुम्ही कुत्री बघायला?"

हो, कुत्री बघायला. वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर ध्रुवप्रदेश शिकवला, पण बर्फाला कधी हात लावला नव्हता.

नॉर्वेत शर्यतीच्या अंतिम रेषेवर पहिली गाडी आली, टाळ्या झाल्या, लोक पांगले. मी शेवटच्या गाडीसाठी थांबले. ती हाकणारी बाई माझ्यासारखीच पन्नाशी उलटलेली. उतरल्या उतरल्या ती कुत्र्यांच्या पायांतले कापडी मोजे काढून एकेक पंजा चोळत बसली. मग मला म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा शर्यतीत उतरणार. शेवटी आल्याची लाज तिच्या तोंडावर कुठेच नव्हती.

परतल्यावर वहिनींनी दारातच गाठलं. "झाली ना हौस? आता पुढच्या वर्षी पुण्याला?"

"नाही. शर्यतीत शेवटी आलेली बाई पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार आहे, तिला बघायला जाणार," मी म्हटलं. "तेव्हा खजूर मात्र द्या. तिच्यासाठी नेते."