किलोवरची भाकर

तलमडुगुकडच्या आमच्या गावात कापसाची वेचणी संपली की बायांचं काम संपतं. मग मुकादमाची जीप येते आणि लेकरं सासूच्या हवाली करून बाया मिरची तोडायला दूरच्या जिल्ह्यात जातात. मीही चार उन्हाळे गेले. गेल्या पावसाळ्यात मात्र घराशेजारी पत्रे टाकले, चुली मांडल्या आणि पाच बायांना घेऊन हायवेवरच्या ढाब्यांना ज्वारीच्या भाकरी पुरवू लागले.

आदिलाबादच्या कचेरीत साहेबांनी माझा कर्जाचा अर्ज बघून हसत विचारलं, "रोटी से रोजगार बढ़ेगा क्या, अम्मा?"

"पाँच का तो बढ़ गया, साब. लिख लो."

पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. मजुरी किलोवर ठरवली. वेचणीची मजुरी किलोवरच असते, मला दुसरं सुचलंच नाही. आणि किलो म्हटलं की आमचे हात आपोआप शहाणे होतात. दवातला कापूस आधी वेचायचा, तो जड भरतो. भाकरी अंगठ्याएवढ्या जाड झाल्या, आतून कच्च्या. ढाबेवाल्यानं टोपलं जसंच्या तसं परत पाठवलं.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, ओट्यावरून म्हणाले, "बंद कर आता. बाया चुलीपाशी बसल्या त कापूस कोन वेचन?"

त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी पदर सावरला आणि उघडलं. "भाऊजी, वेचनीत आमी पहाटे भाकरी करू अन् मंग वावरात येऊ. पन उन्हाळ्यात तुमच्या वावरात काय काम हाये, ते सांगा."

मी दुसऱ्या दिवसापासून रोजानं मजुरी लावली. आमच्यातली म्हातारी एकेकीला दटावायची, "पातळ थाप, नाई त मिरचीच्या जीपमंदी बस."

वेचणी झाली, ऊन तापलं आणि जीप आलीच. पत्र्यासमोर थांबून हॉर्न वाजवू लागली. आत थापण्याचा आवाज बंद पडला. मुकादम उचल आधी हातावर ठेवतो, माझ्याकडे तसं द्यायला काही नव्हतं.

म्हातारीनं पाण्याचा हात फिरवून तव्यावरची भाकर उलटली. मग एकेक परात पुन्हा वाजू लागली.

मी पिठाच्या हातांनीच बाहेर गेले.

"पुढच्या गावाले जाय, बाप्पा," मी मुकादमाला म्हटलं. "इथल्या बाया कामावर हायेत."